शतपावली, रात्रीचे जेवण आणि झोप : शहरी दिनक्रमातील आरोग्याचे घड्याळ

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून निघून इंडिया गेटभोवतीच्या षटकोनी रस्त्याला मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग दोन किलोमीटरहून थोडा कमीच लांब आहे. मध्यम गतीने चालल्यास तो पार करण्यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात आणि सुमारे अडीच हजार पावले होतात. एकेकाळी कर्झन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावर आज बँका, वृत्तपत्राची कचेरी, भारतीय विद्या भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि नवे महाराष्ट्र सदन आहे. येथील कार्यालयांत येणाऱ्यांपैकी अनेक जण नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद किंवा गुरुग्राम येथून रोज मेट्रोने अथवा मोटारीने ये-जा करतात. प्रवासाचे दोन-तीन तास बसून किंवा गर्दीत एका जागी उभे राहून जातात, कामाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात, रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या पुढे सरकते आणि झोपेपूर्वीचा तास मोबाइलच्या पडद्यासमोर संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाला वेळ मिळत नाही, ही तक्रार येथूनच सुरू होते.

मुंबई, पुणे, नागपूर किंवा बंगळूरुमधील नोकरदाराचा दिवसही याहून फारसा वेगळा नसतो. व्यायाम, आहार आणि झोप हे तीन स्वतंत्र विषय मानून त्यांच्यासाठी तीन स्वतंत्र संकल्प सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. जानेवारीत व्यायामशाळेची वर्गणी भरली जाते, मार्चमध्ये आहारतक्ता आणला जातो आणि झोपेचा विचार आजारपण येईपर्यंत होत नाही. प्रत्यक्षात हे तिन्ही एकाच घड्याळावर चालतात आणि त्या घड्याळाची किल्ली बहुतेक घरांत सकाळी नव्हे, तर आदल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी फिरवली जाते. उशिराचे, जड जेवण झोप पुढे ढकलते. अपुरी झोप दुसऱ्या दिवशीची भूक वाढवते आणि चालण्याचा उत्साह हिरावते.

प्रश्न किती मोठा आहे, हे काही आकड्यांवरून स्पष्ट होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५ टक्क्यांहून अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नसल्याचे नमूद आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. घरकामात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हा समज किती सर्वदूर आहे, याचा विचार हे आकडे वाचताना केलेला बरा.

वजनकाटा काय सांगत नाही

आरोग्याविषयी जागरूक असलेली व्यक्ती प्रथम वजनकाट्याकडे वळते. भारतीयांच्या बाबतीत मात्र हा काटा अर्धेच सत्य सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी भारतीयांची जी शरीररचना याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून जगासमोर मांडली, तिचे हे बोलके उदाहरण ठरले.

म्हणूनच आशियाई भारतीयांसाठी मोजपट्टी वेगळी ठेवली आहे. शरीरभार निर्देशांक २३ झाला की वजन अधिक आणि २५ झाला की स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. हा घेर पॅन्टच्या मापावरून धरू नये, कारण पोट सुटलेली व्यक्ती पॅन्ट पोटाखाली नेसते आणि वर्षानुवर्षे आपले माप बदलले नसल्याच्या समाधानात राहते. शिंप्याची फीत सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर धरली, तर खरे माप मिळते.

वाहक आणि चालक

दैनंदिन हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध प्रथम ठळकपणे पुढे आला तो व्यायामशाळेत नव्हे, तर लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. एकाच बसमध्ये, एकाच शहरात काम करणाऱ्या या दोन गटांपैकी दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक होते. जिन्याची चढउतार करत तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये ते कमी होते. मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या मापांचाही अभ्यास केला, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे दिसले. म्हणजे नोकरीमुळे माणसे बदलली की मुळात वेगळ्या शरीराची माणसे ती नोकरी निवडत होती, हा प्रश्न उरलाच. आपल्याच निष्कर्षाला असा छेद देणारी माहिती संशोधकाने स्वतः शोधून प्रसिद्ध करावी, हे आरोग्यविषयक दाव्यांच्या आजच्या बाजारात विशेष वाटते. पुढील सात दशकांत अनेक देशांतील अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला पुष्टीच दिली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम हालचाल ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आठवड्याचे पाच दिवस कस्तुरबा गांधी मार्गाएवढे अंतर भरभर चालून एकदा जाणे आणि एकदा परतणे, एवढ्याने किमान मर्यादा ओलांडली जाते.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा मात्र विज्ञानातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले. तेथून हा आकडा जगभरातील मनगटी घड्याळांत शिरला. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, रोज दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. असे अभ्यास निरीक्षणांवर आधारलेले असतात. जो निरोगी आहे तोच अधिक चालू शकतो, ही मर्यादा त्यांना असतेच. तरीही त्यातून मिळणारा दिलासा खरा आहे. दहा हजारांचा टप्पा गाठता आला नाही म्हणून निराश होऊन बसून राहण्यापेक्षा दोन हजारांचे चार हजार करणे अधिक मोलाचे ठरते.

शतपावलीचे शास्त्र

चालायचे केव्हा, या प्रश्नाचे एक उत्तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जेवणानंतर शंभर पावले चालण्याच्या प्रथेला शतपावली असे नेमके नाव आहे. अंगणात किंवा वाड्याच्या ओसरीवर घातल्या जाणाऱ्या या येरझाऱ्यांना सदनिकांच्या काळात जागा उरली नाही आणि जेवणाच्या ताटावरून थेट सोफ्यावर जाण्याची सवय रुजली.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढू लागते आणि साधारण तासाभराच्या आसपास ती उच्चांकावर पोहोचते. याच काळात पायांचे मोठे स्नायू काम करू लागले, तर ही साखर ते इंधन म्हणून ओढून घेतात आणि चढ सौम्य होतो. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये साठ वर्षांवरील, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे सकाळी सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकेच परिणामकारक ठरले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात तर ते अधिक सरस ठरले. प्रयोगात सहभागी व्यक्ती जेमतेम दहा होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यातही बसण्याच्या मधे मधे दोन ते पाच मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतरची साखर कमी राहत असल्याचे दिसले. त्याच आढाव्यात नुसते उभे राहण्याचा लाभ चालण्यापेक्षा कमी आढळला.

दिल्लीकरांना ही सवय अपरिचित नाही. उन्हाळ्यातील रात्री इंडिया गेट आणि कर्तव्य पथाच्या परिसरात सहकुटुंब फेरफटका मारण्याची येथे जुनी रीत आहे. फक्त या फेरफटक्याचे टोक आइस्क्रीमच्या गाडीपाशी असते आणि चालून कमावलेले तेथे सव्याज परत केले जाते. शतपावलीसाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. गृहसंकुलाच्या आवारात, गच्चीवर किंवा इमारतीच्या व्हरांड्यात दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. कार्यालयात दुपारच्या डब्यानंतर इमारतीभोवती एक फेरी, हा तिचाच दिवसाचा अवतार. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ बदलताना डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

मीठ आणि एक घरगुती सत्याग्रह

ज्यांचे नाव या मार्गाला दिले आहे, त्या कस्तुरबांच्या चरित्रात आहाराचा एक प्रसंग आहे. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात त्यांची प्रकृती ढासळली असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्यास सुचवले. हे तर तुम्हालाही कोणी सांगितले तरी जमणार नाही, असे कस्तुरबा म्हणाल्या. त्यावर गांधीजींनी स्वतः त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही पदार्थ वर्ज्य केले. कस्तुरबांनी व्रत मागे घेण्याची विनवणी केली. पण व्रत टिकले आणि कस्तुरबांनीही ते पाळले. आत्मकथेत हा प्रसंग घरातील सत्याग्रह म्हणून येतो. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावरील आपले छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याच वास्तूत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले.

या प्रसंगातील आहारविचार आजच्या शास्त्राला पूर्णपणे मान्य होणारा नाही. मीठ संपूर्ण सोडणे हितकारक नाही आणि डाळी सोडणे तर शाकाहारी व्यक्तीसाठी घातकच ठरेल. परंतु घरातील एकाच्या ताटात बदल व्हायचा असेल, तर इतरांची ताटेही बदलावी लागतात, ही त्यातील गोष्ट रक्तदाबाचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच्यासाठी वेगळी अळणी भाजी आणि बाकीच्यांसाठी नेहमीची, ही व्यवस्था पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, इतकी आहे. देशव्यापी सर्वेक्षणात भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन ८ ग्रॅम आढळले असून पुरुषांमध्ये ते त्याहून अधिक आहे. रोज मीठ मोजत बसणे कोणालाही शक्य नसते; महिन्याचा किराणा मात्र मोजता येतो. चार प्रौढांच्या घरात दिवसाला ५ ग्रॅम याप्रमाणे महिन्याला ६०० ग्रॅम मीठ होते, म्हणजे एक किलोची पिशवी दीड महिन्याहून अधिक चालली पाहिजे. त्यातही लोणचे, पापड, फरसाण, पाव आणि बाहेरचे खाणे यांतील मीठ वेगळेच. तेलाचेही असेच गणित मांडता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. चार जणांच्या घराला त्यानुसार महिन्याला तूप-लोण्यासह सुमारे साडेतीन लिटर पुरायला हवे. दरमहा पाच लिटरचा डबा संपत असेल, तर वजनवाढीचे कारण शोधण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर जाण्याची गरज नाही.

ताटातील डावी-उजवी बाजू

हैदराबाद येथील याच संस्थेने सुचवलेल्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. मांसाहारी व्यक्तीसाठी डाळींच्या काही भागाची जागा अंडी, मासे किंवा मांस घेऊ शकतात. हे आकडे घराला लावून पाहिले की धक्का बसतो. चार जणांसाठी रोज सुमारे दीड किलो भाजी आणि पाव किलोहून अधिक डाळ-कडधान्य! बहुतेक घरांत प्रमाण उलटे असते. चार पोळ्या आणि भाताचा ढीग मध्यभागी, भाजी वाटीभर, वरण पातळ आणि कोशिंबीर सणावारी. एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची शिफारस असताना तो अनेकांच्या आहारात ५० ते ७० टक्के असल्याचे या सूचनांतच म्हटले आहे.

भाकरी उत्तम की पोळी, हा वाद या तुलनेत गौण ठरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून ज्वारी-बाजरीला शहरांतील महागड्या उपाहारगृहांतही मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत आणि तितक्याच गव्हाच्या कोंड्यासह पिठात तंतुमय पदार्थ जवळपास सारखेच, १० ते ११ ग्रॅम असतात. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमपेक्षाही कमी असतात. खरा फरक भाकरी आणि पोळी यांच्यात नसून अख्खे धान्य आणि सडलेले, बारीक चाळलेले धान्य यांच्यात आहे. भाकरीचा एक लाभ वेगळा आहे. पोळीच्या घडीत जाणारे तेल तिला लागत नाही.

मराठी न्याहरीकडेही याच दृष्टीने पाहता येते. दिल्लीत महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहाची वाट मराठी चवीच्या ओढीने अमराठी मंडळीही धरतात. या पाककृतीत मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजणीचे थालीपीठ आणि पिठले यांसारखे प्रथिनांनी युक्त पदार्थ आहेत. त्याच पंक्तीत साबुदाण्याची खिचडीही आहे, जिच्यात साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो आणि जी उपवासाच्या नावाखाली पोटभर खाल्ली जाते. मिसळीत उसळ अधिक आणि फरसाण चिमूटभर घेतले, पोह्यांत मटार व शेंगदाणे वाढवले, तर न्याहरी तीच राहून तिचे पोषण बदलते. परगावी राहणाऱ्याला आपल्या चवीचे अन्न सोडायला सांगणारा आहारतक्ता फार काळ भिंतीवर टिकत नाही, हे आहारतज्ज्ञांनीही ध्यानात घ्यावे.

रात्रीच्या जेवणाची वेळ हा या सर्वांना जोडणारा दुवा आहे. निजण्यापूर्वी किमान दोन ते तीन तास जेवण आटोपल्यास आम्लपित्ताचा त्रास कमी होतो आणि शतपावलीला अवसर मिळतो. घरी पोहोचायलाच नऊ वाजणाऱ्यांनी सायंकाळी सहा-सातच्या सुमारास कार्यालयातच थोडे भरीव, जसे उकडलेली कडधान्ये, फळ, दाणे किंवा घरून आणलेली भाजी-पोळी खावी आणि घरी वरण, भाजी, ताक असे हलके जेवावे. सायंकाळी चहा-समोसा आणि रात्री दहाला पूर्ण ताट, ही प्रचलित रीत दोन्ही बाजूंनी तोट्याची आहे.

झोप : वाचवलेला नव्हे, गमावलेला वेळ

प्रौढांना नियमितपणे सात तास किंवा त्याहून अधिक झोप आवश्यक असल्याचे निद्रातज्ज्ञांच्या संघटना सांगतात. हृदयाच्या आरोग्याच्या मूलभूत निकषांत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये झोपेचा समावेश केला. शरीरातील पेशींचे दैनंदिन घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर आणि काही अंशी जेवणाच्या वेळेवर मिळवले जाते. सकाळचा उजेड ते पुढे नेतो, तर रात्रीचा प्रखर प्रकाश झोपेचा संदेश देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला रोखून धरतो.

झोप आणि भूक यांचे नाते शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात स्पष्ट झाले. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले असता तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. सकाळी अकराला बिस्किटांच्या पुड्याकडे जाणारा हात हा नेहमीच मनोनिग्रहाचा पराभव नसतो. पुष्कळदा ती आदल्या रात्रीची थकबाकी असते.

अलीकडील संशोधनात झोपेच्या तासांइतकेच महत्त्व तिच्या नियमिततेला मिळू लागले आहे. ब्रिटनमधील साठ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदींवर आधारित विश्लेषणात निजण्या-उठण्याच्या वेळेतील सातत्याचा आयुर्मानाशी असलेला संबंध झोपेच्या एकूण कालावधीपेक्षाही घट्ट आढळला. आठवडाभर जागून रविवारी दुपारपर्यंत झोपणाऱ्यांसाठी ही बाब विचार करण्याजोगी आहे. दुपारची वामकुक्षी वीस-तीस मिनिटांची असेल तर ती ताजेपणा देते. पुण्यातील दुकानांच्या दुपारच्या विश्रांतीवर कितीही विनोद झाले, तरी मूळ कल्पना वैद्यकीयदृष्ट्या अगदीच टाकाऊ नव्हती. मात्र ती तासाच्या पुढे गेली की रात्रीच्या झोपेतून वजा होते. चहा-कॉफीतील कॅफिनचा अंमल कित्येक तास टिकतो. एका प्रयोगात निजण्याच्या सहा तास आधी मोठ्या मात्रेत घेतलेल्या कॅफिननेही तासाभराची झोप कमी केली. त्यामुळे दुपारी चारचा चहा हा दिवसातील अखेरचा असणे इष्ट.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येणे ही निद्राश्वसनरोधाची लक्षणे असू शकतात. घोरणे म्हणजे गाढ झोप, या गैरसमजापायी हा विकार वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. त्याचा उच्च रक्तदाबाशी निकटचा संबंध असल्याने तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. रात्रपाळीतील सुरक्षारक्षक, परिचारिका, वृत्तपत्र कर्मचारी यांच्यापुढील अडचण वेगळी आहे. त्यांनी दिवसा खोली पूर्ण अंधारी ठेवून सलग झोप घ्यावी आणि पाळीतील मुख्य जेवण मध्यरात्रीपूर्वी आटोपावे, एवढे तरी त्यांच्या हातात असते.

पहाट आरोग्यदायीच असते का?

पहाटेचा फेरफटका आरोग्याला उत्तम, ही धारणा महाराष्ट्रातून दिल्लीत येणाऱ्याने ऋतूनुसार तपासून घ्यावी. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो आणि त्यात धूर, धूळ व सूक्ष्म कण अडकून पडतात. त्यामुळे पहाटे आणि रात्री उशिरा हवा बहुधा सर्वाधिक दूषित असते. ऊन चढल्यावर थर विरतो आणि दुपारी स्थिती तुलनेने सुधारते. भरभर चालताना श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण विश्रांतीच्या काही पट असते, म्हणजे प्रदूषणाची मात्राही तितकीच वाढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या पुढे गेला की हवा ‘खराब’, ३०० च्या पुढे ‘अतिशय खराब’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ मानली जाते. अशा दिवसांत दमा, हृदयविकार असलेल्यांनी, ज्येष्ठांनी आणि गर्भवतींनी मोकळ्यावरील व्यायाम टाळावा; इतरांनीही तो दुपारच्या उन्हात, वाहतुकीपासून दूर आणि कमी वेळ करावा. शतपावलीही तेवढ्यापुरती घरातच घालावी. मे-जूनमध्ये गणित उलटे होते. तेव्हा सूर्योदयाची वेळच चालण्यास योग्य आणि दुपार वर्ज्य.

दूषित हवेच्या दिवसांवर महाराष्ट्राकडे घरचाच उपाय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रचार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो व्यायाम नित्याचा केला. सतरंजीएवढ्या जागेत, कोणत्याही साधनाविना होणाऱ्या या व्यायामात हात, खांदे, पाठ, पोट आणि मांड्या यांना एकाच वेळी काम मिळते. स्नायूंच्या बळासाठी त्याला बैठका आणि भिंतीला टेकून मारलेल्या जोरांची जोड दिली, तर आठवड्यातील दोन दिवसांची शिफारस घरातच पूर्ण होते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीराला ही घट अधिक महाग पडते. त्यामुळे केवळ चालण्यावर समाधान मानणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, बळाच्या व्यायामाकडे पाठ फिरवू नये. कस्तुरबा गांधी मार्गाच्या टोकाशी, तेव्हाच्या राजपथावर, २१ जून २०१५ रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनी ३५ हजार ९८५ जणांनी एकत्र योगासने करून विक्रम नोंदवला होता. २२ जूनला त्यांपैकी किती जणांनी चटई पुन्हा अंथरली, याची नोंद कोणत्याही विक्रमपुस्तिकेत असण्याचे कारण नाही.

नवीन व्यायाम सुरू करण्यापूर्वी छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे. लक्षणे नसली, तरी वयाच्या तिशीनंतर रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची तपासणी करून घेण्यास उशीर करू नये. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील नागरिकांसाठी ही तपासणी, तसेच मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी शासकीय आयुष्मान आरोग्य मंदिरांत विनामूल्य केली जाते.